काचेतली घंटा

वर्षभर आमच्या घरात गुजराती बोलायला बंदी होती. राहायचं बडोद्यात, शेजारी हंसाबेन, कोपऱ्यावर जिग्नेशभाईंचं दुकान, आणि घरात गुजरातीचा शब्द नको! हुकूम माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा. माझा निषाद तीन वर्षांचा होऊन गेला तरी एक शब्द बोलत नव्हता आणि त्याचं कारण नानांना सापडलं होतं. घरात मराठी, दारात गुजराती, टीव्हीवर हिंदी, त्यात पोर गोंधळलंय. एक भाषा पक्की होऊ द्या, मग बघा, थांबवता थांबणार नाही.

झालं. निषादची बालवाडी सुटली, कार्टून बंद झालं. हंसाबेनना सांगण्यात आलं की त्याच्याशी बोलू नका, आणि त्या बिचाऱ्या नुसता त्याचा गाल ओढून घरी जायला लागल्या. सासूबाई जन्मभर 'शाक' म्हणत आलेल्या, त्या आठवणीने 'भाजी' म्हणू लागल्या. माझा नवरा मुकुंद ऑफिसचा फोन आला की जिन्यात पळायचा. इतका सगळा खटाटोप करून आम्ही एका ऐकू न येणाऱ्या मुलाशी शुद्ध मराठीत बोलत होतो. त्याला ऐकू येत नाही हे मला केव्हाच कळलं होतं. दिवाळीत दाराशी सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा तो झोपला होता, त्याची पापणीसुद्धा हलली नाही. नाना म्हणाले, "कलावंताची झोप आहे."

नाना म्हणजे श्रीपतराव, उभा जन्म तबला शिकवण्यात घालवलेला माणूस. नातवाचं नावही त्यांनीच ठेवलं, सुरावरून. त्यांची शिकवायची एक खास पद्धत होती. ठेका रंगात आला की मधेच एकदम हात उचलायचे आणि समोरच्या पोरांची तोंडं बघायची. जो दचकला तो ऐकत होता. जो दचकला नाही त्याचं लक्ष बाहेरच्या पतंगांत, त्याला उठवून दाराशी बसवायचं. ही परीक्षा कधी चुकली नाही असं त्यांचे जुने शिष्यही सांगतात.

हीच परीक्षा त्यांनी निषादची घेतली होती. त्याला मांडीवर घ्यायचे, समोर तबल्याची जोडी मांडायचे आणि तीनताल वाजवायचे. निषाद खिदळायचा, डग्ग्यावर तळवा ठेवायचा. नानांनी हात उचलला रे उचलला की झटकन मान वर करून त्यांच्याकडे बघायचा.

"बहिरं पोर असं बघेल?" नाना मला विचारायचे. "चारुता, कान कशाला म्हणतात ते तू मला शिकवू नकोस."

 फतेगंजमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की तपासणी लगेच करा, बोलणं शिकायचं वय निघून जातं, मग कानाला मशीन बसवूनही फारसा उपयोग होत नाही. तपासणीसाठी मुलाला औषध पाजून झोपवावं लागतं. नाना म्हणाले, चांगल्या पोराला गुंगीचं औषध द्यायचं नाही. मागच्या महिन्यात मी कुणाला न सांगता त्याला घेऊन गेले. नर्सने औषधाचं झाकण उघडलं आणि दारात नाना उभे! रिक्षाने मागोमाग आले होते. निषादने त्यांना बघून हात पसरले. ते त्याला कडेवर घेऊन सरळ जिना उतरून गेले आणि मी हातात त्याच्या चपला धरून बसून राहिले. मुकुंदला फोन केला तर म्हणाला, "जाऊ दे ना यार, नानांना दुखवू नको. बधू थई जशे." सगळं होऊन जाईल, म्हणे. बंदी होती तरी धीर द्यायला त्याला गुजरातीच सुचली.

पुन्हा मिळालेली तारीख सोमवारची होती. शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की उद्याचा दिवस जाऊ दे, परवा मी निषादला घेऊन जाणार, कुणी आडवं आलं तर परत या घरात येणार नाही. सासूबाई रडल्या. नाना पानावरून उठले. मुकुंद पंख्याकडे बघत म्हणाला, रविवारी आपण सगळे विज्ञान केंद्रात जाऊ, निषादला मजा येईल, डोकी थंड होतील. माझ्या नवऱ्याचा प्रत्येक प्रश्नावर सहल हा एकच उपाय आहे.

मी मात्र हो म्हटलं, कारण मला तिथल्या बागेतल्या दोन तबकड्या आठवल्या. शाळेत असताना आमची सहल गेली होती. मैदानाच्या दोन टोकांना पुरुषभर उंचीच्या दोन तबकड्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या. एकीपाशी तोंड नेऊन पुटपुटलं की दुसरीपाशी कान लावलेल्याला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. रात्रभर माझ्या डोक्यात तेच. नाना निषादला घेऊन तिकडे उभे राहतील, मी इकडून हाक मारीन, आणि त्यांना स्वतःला दिसेल.

रविवारी तिथे ही गर्दी. कुठल्यातरी शाळेची पोरं आली होती आणि प्रत्येक बटणावर चार हात. पहिल्यांदा मी सगळ्यांना तबकड्यांकडेच ओढत नेलं. नाना पलीकडे गेले, निषादला कडेवर घेऊन त्याचं डोकं बरोबर जागेवर धरलं. मी तबकडीत तोंड घातलं.

"निषाद," मी म्हटलं. "सोन्या, आई इथे आहे."

मैदानापलीकडे निषाद हसला. खरंच हसला, आणि टाळ्या पिटल्या. नाना त्याला नाचवतच माझ्याकडे आले.

"बघितलंस? नाव घेतलंस आणि हसला! आता तरी त्या बाईचं खूळ सोड."

मी बघितलं होतं. त्याच्या आधी नाना हसले होते. माझा आवाज नानांच्या कानात गेला, नानांचा चेहरा फुलला, आणि आजोबा हसले म्हणून नातू हसला. माझं पोर असंच जगत होतं, आमची तोंडं वाचून. हे मी सांगायला गेले तर माझा आवाज चिरकला, आणि चिरकल्या आवाजातलं खरंसुद्धा भांडणच वाटतं. सासूबाई म्हणाल्या, "बाई गं, लोक बघतायत." मुकुंदने माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली. ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. मी हरले होते. माझ्याच युक्तीने हरले होते आणि नानांच्या हातात आणखी एक पुरावा देऊन बसले होते.

त्यानंतर मी फक्त त्यांच्या मागून चालत राहिले. निषादला वेड्यावाकड्या आरशांत स्वतःचं लांबलचक तोंड दिसलं, तो लोळण घेऊन हसला. मुकुंदने कप्प्यांना टांगलेल्या खुर्चीत बसून दोराने स्वतःला वर ओढलं. मी उद्या सकाळी बॅगेत काय भरायचं याचा विचार करत होते. माहेरी वासण्याला आईकडे किती दिवस राहता येईल, नोकरी कशी जमेल, निषाद रात्री नानांची मांडी शोधत रडला तर काय करायचं. त्या शेवटच्या विचाराने माझे डोळे भरून आले.

आवाजाच्या दालनात एका टेबलावर काचेची उंच हंडी होती आणि तिच्यात विजेवर वाजणारी घंटा. बटण दाबलं की घंटेवर बारीक हातोडी टणटण आपटायला लागायची आणि खालचा पंप हंडीतली हवा ओढून घ्यायचा. हवा गेली की आवाज नाही. हातोडी तशीच आपटते आहे, आवाज मात्र नाही. बटण सोडलं की हवा आत, आणि हातोडी थांबेपर्यंत टणटण पुन्हा ऐकू यायची.

निषादला ती हातोडी भारी आवडली. तो टेबलाला नाक लावून उभा राहिला. नाना त्याच्या समोर, हंडीच्या पलीकडे वाकले. शिकवायची संधी ते सोडतात थोडेच!

"बघ हं निषाद, नादाला हवा लागते. हवा गेली की नाद गेला. आता ऐक."

त्यांनी बटण दाबलं. घंटा केवढ्याने वाजायला लागली. शाळेची पोरं भोवती जमली. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग नाहीसाच झाला.

"अवाज गयो! अवाज गयो!" पोरं ओरडली. एकीने घाबरून आपल्याच कानाला हात लावला.

निषाद हातोडीकडे बघून हसत होता. आवाज होता तेव्हा हसत होता तसाच.

नाना त्याच्या तोंडाकडे बघत होते. सवयच ती त्यांची. ठेका थांबला की तोंडं बघायची. मी त्यांचा चेहरा बघितला. तो दाराशी बसवायच्या पोराकडे बघतानाचा चेहरा होता.

त्यांनी बटण सोडलं. हंडीत हवा शिरली, घंटा एकदम ठणाणली, पोरं दचकून किंचाळली. सासूबाईसुद्धा "अगं बाई" म्हणून मागे सरकल्या. निषादने मान वळवून त्या पोरांच्या उघड्या तोंडांकडे बघितलं. ह्यांना काय झालं असं त्याला वाटलं असावं. मग तो पुन्हा हातोडी बघायला लागला.

नानांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सोडलं. शाळेची पोरं कंटाळून पुढच्या टेबलाकडे गेली. नाना दाबत होते आणि सोडत होते. मधेच त्यांनी हाताने निषादची हनुवटी हंडीकडे वळवली, जणू काही तो नीट उभा नाही म्हणून चुकतंय.  जन्मभर जी बोटं कधी लयीबाहेर गेली नाहीत ती त्या एवढ्याशा बटणावरून घसरत होती.

"नाना," मुकुंद म्हणाला, "चला ना, बाकीचं बघू."

"थांब जरा. दचकेल तो."

निषाद दचकला नाही.

शेवटी नाना भिंतीपाशी बाकावर जाऊन बसले. मी इतके महिने या क्षणासाठी तडफडत होते. काय काय बोलायचं ते पाठ होतं. त्या चपलांबद्दल, वाया गेलेल्या वर्षाबद्दल, हंसाबेनबद्दल. आता मी त्यांच्यासमोर उभी होते. मला त्यांचा राग येत होता, आणि रडूही येत होतं, आणि माझंच खरं ठरलं याचं तर मला अतिशय वाईट वाटलं. कुठेतरी मीसुद्धा आशा धरून होते की नाना बरोबर असतील.

"मग माझ्या मांडीवर तो काय ऐकत होता?" त्यांनी विचारलं.

"तुमचे हात, नाना," मी म्हटलं. "तुमचे हात थांबले की त्याला अंगाला कळायचं."

 निषाद पळत आला आणि घरी चढतो तसा त्यांच्या मांडीवर चढून बसला. त्यांचे दोन्ही हात ओढून आपल्या पोटावर ठेवले आणि वाट बघत राहिला. नानांचे हात हलले नाहीत. निषादने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, हात का थांबलेत असं. तेव्हा नानांनी अगदी हळू, दोन बोटांनी, त्याच्या पोटावर ठेका धरला, आणि निषाद त्याच्या त्या फुटक्या, आम्हालाच कळणाऱ्या आवाजात खदखदून हसला.

"उशीर झाला का गं?" नानांनी मान खाली घालूनच विचारलं.

"माहीत नाही, नाना. डॉक्टरबाईंनाही आत्ता सांगता येणार नाही."

"उद्या किती वाजता जायचंय?"

"नऊला."

"मी येतो," नाना म्हणाले. त्यांचा हात चालूच होता. "औषध मीच पाजीन. माझ्या हातून तो मुकाट्याने घेतो."