कड्यावरचा निळा कठडा

“घट्ट धर गं! हा हलला ना, तर माझं नाव बदलून टाक!”

“नाव बदलून काय होणार? घोरणं तर तेच राहील.”

मित्रांनो, जगात आल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं बोलणं. पहिला आवाज वेल्डरकाकांचा, दुसरा त्यांच्या बायकोचा. काका ठिणग्या उडवत माझे खांब जोडत होते आणि काकू दोन्ही हातांनी माझा वरचा दांडा धरून बसल्या होत्या. इतकी वर्षं लोटली, तरी वारा पडला की ते दोन आवाज मला ऐकू येतात आणि जरा धीर येतो. जराच. कारण खरं सांगायचं तर मी फार घाबरलेला आहे.

मी एक जुना लोखंडी कठडा आहे. समुद्रात घुसलेल्या एका उंच कड्याच्या टोकावर उभा आहे. माझ्या एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. खाली, फार खाली, काळे खडक आणि राखीव समुद्र. राखीव म्हणजे तिथे जाळं टाकायचं नाही, नांगर टाकायचा नाही, होडी न्यायची नाही. ते पाणी माशांचं, कासवांचं, पाणपाखरांचं. माणसांनी ते वरून डोळे भरून बघावं आणि बघता बघता कुणाचा तोल जाऊ नये, म्हणून मी.

माझे पहिले दिवस कौतुकाचे होते. कुणी माझ्यावर कोपर टेकवी, कुणी हनुवटी. लहान मुलं सळ्यांमधून नाकं बाहेर काढत. एक आजोबा तर माझी पाठ थोपटून म्हणत, “तू आहेस म्हणून हे गुडघे इथवर येतात रे बाबा.” तेव्हा मी करड्या रंगाचा होतो, दिसायला साधा होतो, पण अंगात दम होता. वादळ आलं तरी गुणगुणत उभा राहायचो.

मग ही जागा सुंदर करायचं ठरलं. चकचकीत फरशी आली. गवंड्यांनी ती माझ्या पायांपर्यंत भिडवली आणि प्रत्येक खांबाभोवती शोभेसाठी सिमेंटची गोल बशी केली. बशी देखणी होती, पण मित्रांनो, तिच्यात पाणी साचू लागलं. लाटांवरून उडून आलेलं खारं पाणी, आणि निघायला त्याला वाट नाही. उन्हानं पाणी सुके, मीठ मागे राही. पुन्हा पाणी, पुन्हा मीठ. माझे पाय त्यातच.

वरून रंग! समुद्राशी जुळावा म्हणून मला निळा केला. हंगाम जवळ आला की रंगारी येई. खरवडणं नाही, घासणं नाही, जुन्या थरावर नवा थर. “साहेबांना चकाकी पाहिजे, चकाकी देऊन टाकू,” म्हणत तो शीळ घाली. साहेब गाडीतूनच बघत आणि म्हणत, “वा! अगदी नवा दिसतो!”

दिसत होतो खरा. रंगाच्या कातड्याखाली मात्र मी पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटत चाललो होतो. सगळ्यात वाईट अवस्था टोकाच्या, कोपऱ्यातल्या खांबाची. आणि समुद्र सगळ्यात छान दिसतो तोही त्याच कोपऱ्यातून. जो येई तो तिथेच येई.

भीती कशाला म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. कुणी धावत आलं की माझा जीव गोळा होई. कुणी पाठ टेकवून फोटो काढू लागलं की माझ्या सळ्या थरथरत, आणि लोक म्हणत, “काय मस्त वारा सुटलाय!” ओरडून सांगायला मला तोंड नाही. मी आपला कुरकुरायचो. लाटांच्या आवाजात ती कुरकुर कुणाला ऐकू जाणार?

एका माणसाला गेली.

इथली राखण एक ताई करते. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, हातात दुर्बीण. राखीव पाण्यात होडी शिरली तर कळवायचं आणि वर आलेल्या माणसांना सांभाळायचं, हे तिचं काम. तिचे बाबा मच्छीमार. पाणी राखीव झालं आणि त्यांची जाळी खुंटीला लागली. त्यात पोटच्या पोरीनं त्याच पाण्याची राखण पत्करली! मग बापलेकीत जे वाजलं, ते माझ्या समोरच वाजलं.

“माझ्या पोरीनं माझ्यावरच पहारा करायचा का?”

“बाबा, मासे उरावेत म्हणून पहारा. ते संपले की काय दगड पकडणार आहात?”

“सोड ही नोकरी.”

“नाही सोडणार. आणि आता या जागेबद्दल एक जरी वाकडा शब्द काढलात ना, तर मी तुमच्याशी बोलणंच टाकीन. बघा!”

बाबा तरातरा कडा उतरून गेले. पुढे एकदा ताई डबा विसरली, तो द्यायला ते वर आले. सहज कोपऱ्यातल्या खांबावर हात ठेवला. मी कुरकुरलो. त्यांचा हात तिथेच थबकला. वाकून त्यांनी खांबाच्या पायाशी अंगठा दाबला, तर रंग आत गेला. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

“पोरी, हा तुमचा कठडा...”

“बाबा!” ताईनं बोट वर केलं. “ठरलंय ना आपलं?”

बाबांनी ओठ मिटले. पण तेव्हापासून ते रोज येऊ लागले. आले की थेट कोपऱ्यात. जागा सोडायची नाही, हलायचं नाही. रंगारी चिडवायचा, “काका, या खांबाशी लग्न लावून देऊ का तुमचं?” ताईला वाटे, जुन्या पाण्याची ओढ आहे, दुसरं काय! खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. ते टेकल्यासारखे दिसत, पण अंगाचा भार माझ्यावर टाकत नसत. टाचा फरशीत रोवून उभे असत. कुणी जवळ आलं की दोन्ही हात पसरत. माझ्याइतकंच घाबरलेलं कुणीतरी माझ्या शेजारी उभं होतं.

आणि मग तो सुट्टीचा दिवस आला. वारा बेफाम, माणसांची दाटी. एकाएकी कुणीतरी ओरडलं, “डॉल्फिन! पिल्लू पण आहे!” झालं! सगळी गर्दी कोपऱ्याकडे लोटली.

“मागं व्हा, मागं व्हा!” बाबा हात पसरून लोकांना रेटू लागले.

“ओ काका, समुद्र तुमच्या नावावर आहे का?”

“अहो, ढकलता काय? वय बघा स्वतःचं!”

ताई गर्दी कापत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “बाबा, काय चाललंय? सगळ्यांसमोर माझी शोभा करताय! व्हा बाजूला.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं आणि ते बाजूला झाले.

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. कोपरा माणसांनी भरला. एका गृहस्थानं आपल्या चिमुरडीला उचललं आणि माझ्या दांड्यावर, बरोबर त्या खांबाशेजारी बसवलं. तिचे पाय बाहेर, हवेत. मी सगळा जोर एकवटला, पण पायच नसतील तर जोर कुठून आणायचा? आत काहीतरी टक्कन तुटलं. मी बाहेरच्या बाजूला झुकलो. खाली काळे खडक दिसले.

“खांब सडलाय! मागं व्हा, आतून सगळा सडलाय!”

बाबा गर्दीत घुसले होते. त्यांनी चिमुरडीच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्यासकट ते मागे फरशीवर आदळले. ताईची शिट्टी कर्कश वाजली. माणसं मागे हटली. माझा खांब कड्याबाहेर लोंबकळत राहिला. पोरीला साधं खरचटलंही नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही. रडत होता तिचा बाप.

आता माझ्यापुढे दोर बांधला आहे. मला कापून नेणार की नवे पाय देणार, ठाऊक नाही. त्याचीही भीती वाटतेच. पण माझं एक मागणं ऐका. मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही भार टाकता, त्याचा नुसता रंग बघू नका. कधीतरी खाली वाका आणि त्याचे पाय बघा. त्याच्या पायाशी साचलेल्या पाण्याला वाट करून द्या. आणि कुणी कुरकुरलं, तर “वारा आहे” म्हणून सोडून देऊ नका.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ताई माझ्या पायाशी बसली. तिनं किल्लीनं रंग खरवडला. तांबडा भुगा तिच्या ओंजळीत आला. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

“म्हणजे रोज तुम्ही इथे... बाबा, मला सांगितलं का नाहीत?”

बाबा कोपर चोळत होते.

“भीती वाटली, पोरी,” ते हळूच म्हणाले. “तुझी आई गेल्यापासून घरात बोलायला मला तूच एकटी आहेस.”