बिनआवाजाची बडबड

चार माग एकदम धडधडायला लागले की त्या शेडमध्ये शेजारी तोफ उडाली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. तिथं ओरडून बोलणं म्हणजे फुकटची घसाफोड. म्हणून विणकर आणि त्याची बायको लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओठांनी बोलायला शिकली. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. हात कायम कामात, म्हणून जिकडे बघायला सांगायचं तिकडे हनुवटी उडवायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं भांडण पेटायचं, एकमेकांचं खानदान निघायचं आणि मिटायचंही, सगळं आवाज न काढता. आणि भांडण काय साधंसुधं? चांगलं कडाक्याचं!

त्यांची लेक जन्मली ती सुताच्या गुंडीएवढी, म्हणून तिचं नाव गुंडीच पडलं. ती दोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडातून एक शब्द फुटेना. रडणं खणखणीत, हसणं खदाखदा, पण 'आई' नाही की 'बाबा' नाही.

"आमचं कार्टं दहाव्या महिन्यात बोलायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही," बायकोची थोरली बहीण एकदा म्हणाली. तिथवर ठीक होतं, सगळे हसले. मग चहाचा शेवटचा घोट घेता घेता ती सहज बोलून गेली, "एवढ्या आवाजात पोर ठेवता, तिचे कान शाबूत राहतील का रे?"

ती गेली. तिचं वाक्य मात्र विणकराच्या काळजात घर करून बसलं. कारण गुंडीला शेडमध्ये ठेवायचं त्यानंच ठरवलं होतं. बायको म्हणत होती, दोन वर्षं मी घरी थांबते. यानं ते उडवून लावलं होतं. "काही होत नाही गं. कानात कापूस घालू, वरून टोपडं बांधू. आपण नाही का दिवसभर राहत?" मग सुताच्या रिकाम्या पेटीत जाड चादर अंथरून पोरीला शेडच्या टोकाला बसवलं. आता बायकोनं एकदा तरी 'मी सांगत नव्हते का?' म्हणावं, असं त्याला वाटायचं. चांगलं कडकडून भांडावं तिनं. ती भांडत नव्हती, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याचा एकच उद्योग. गुंडीला मांडीवर घ्यायचं, स्वतःचा कान थेट तिच्या तोंडाला लावायचा आणि म्हणायचं, "बोल गं माझी राणी, काहीही बोल. शिवी दे हवं तर." कानाला नुसती उबदार फुंकर लागायची. तो कान तसाच धरून बसायचा, मान अवघडेपर्यंत. बायको म्हणायची, "सोडा आता, झोप आलीय तिला."

शेवटी सहा महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात कान तपासायची वेळ मिळाली, गुरुवारची. विणकराची झोप उडाली ती तेव्हापासून.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो पहिल्या मागावर वाकून धोट्यातली संपलेली सुताची कांडी बदलत होता. कांडी बसवून त्यानं मान वर केली, तेवढ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला ओठ दिसले. 'तुटलं. तुटलं.' आणि हनुवटी उडाली तिसऱ्या मागाकडे.

तो तसाच तिकडे गेला. खरंच, डाव्या कडेला एक धागा तुटून लोंबत होता. आणखी चार बोटं कापड पुढं गेलं असतं तर तेवढं वाया गेलं असतं. त्यानं माग थांबवला, गाठ मारली, माग पुन्हा सुरू केला आणि शाबासकी द्यायला वळला, 'बरं झालं सांगितलंस.'

समोर बायको नव्हती.

मागचं दार उघडं होतं. बाहेर टेम्पोतून सुताची पोती उतरत होती आणि बायको पाठमोरी उभी राहून ती मोजून घेत होती. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. पेटीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून, टोपडं कपाळावर घसरलेली गुंडी तेवढी उभी होती आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती.

त्यानं ओठ हलवले, 'काय तुटलं?'

'दोरा,' गुंडीचे ओठ म्हणाले. 'बाबा, दोरा तुटलं.'

अहो, ओठ केवढे? दाणे दोन! पण त्यावर शब्द असा स्वच्छ की त्याला पुन्हा विचारावं लागलं नाही. तो पेटीपाशी गुडघ्यांवर बसला. आणि ती सुटलीच! बांध फुटावा तशी. 'आई बाहेर. आई पोतं. पाणी दे. कापूस नको. तो मोठा, तो छोटा. बाबा हस.' मध्येच दम खायची, थुंकी गिळायची आणि पुन्हा सुरू.

कालची गोष्ट त्याला आत्ता उमगली. काल तो तांब्या घेऊन बायकोकडे गेला होता आणि ती म्हणाली होती, 'मी कुठं पाणी मागितलं? भ्रम झालाय तुम्हाला.' दोघं त्यावरून हसलेसुद्धा होते. परवा कुणीतरी 'दिवा' म्हणालं म्हणून त्यानं दिवा लावला होता. देवा रे! किती दिवस ही पोर बोलतेय? किती दिवस तो तिचं ऐकतोय, तिचं काम करतोय, आणि त्याला पत्ता नाही? संध्याकाळी कानाला लागणारी ती फुंकर! ती त्याच्या कानात बोलत होती. आणि हा शहाणा कान पुढं करून बसला होता, तोंडाकडे न बघता.

धावत जाऊन त्यानं बायकोला ओढत आणलं. तिनं बघितलं. गुंडीनं तिलाही सांगितलं, 'आई, दोरा तुटलं.' बायको पेटीपाशी खाली बसली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला आणि तिचे ओठ हलले, 'हिला ऐकू येत नाही, म्हणून तर नाही ना ही ओठांवरनं शिकली?'

हे विणकराच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं उठून एकेक करून चारही माग बंद केले. चौथा थांबला तशी शेडमध्ये ऐन कामाच्या वेळी कधी नसते अशी शांतता झाली. त्यानं पोरीच्या कानातला कापूस काढला. बायको उठली आणि पेटीच्या मागे, गुंडीला दिसणार नाही अशी, चार पावलांवर जाऊन उभी राहिली. विणकरानं मानेनं खूण केली, विचार.

"गुंडे," बायको अगदी हळू म्हणाली, "दोरा कुठं तुटला गं?"

गुंडीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. समोर बापाकडे बघत तिनं हनुवटी उडवली, तिसऱ्या मागाकडे. 'तिकडे,' तिचे ओठ म्हणाले, 'बाबानी बांधला.'

झालं. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागला. बायको मागून म्हणत होती, "अहो, ऐकलं तिनं! ऐकू येतं हो!" तिचाही आवाज फुटत होता, पण याला आवरेना. सहा महिने छातीवर ठेवलेला धोंडा एकदम कसा खाली ठेवायचा माणसानं?

गुंडी पेटीतून वाकली. तिनं ओठ हलवले. बाप बघेना. तिनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली, पुन्हा काहीतरी सांगितलं. त्याचे हात डोळ्यांवर तसेच. तिनं इवल्या बोटांनी त्याचं एक बोट उचकटून पाहिलं, ते निघेना. आता तिची पंचाईत झाली. न बघणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी कसं? मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि त्या शांत शेडमध्ये तिचा किंचित घोगरा, न वापरलेला आवाज पहिल्यांदा उमटला.

"बाबा, बघ ना!"