पायऱ्यांवरची झाडं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. उघडून उभी केली की दोन्ही बाजूंनी पायऱ्या असणारी. माझ्या अंगावर अजून निळे, पिवळे, पांढरे शिंतोडे आहेत. त्यांना डाग म्हणू नका, ती माझी कमाई आहे. माझे मालक रंगारी, आणि कितीतरी घरांची छतं त्यांनी माझ्यावर उभं राहून रंगवली. "जराही डुगडुगत नाही, गुणी आहे," असं ते चारचौघांत सांगत. लाकूड ओलाव्याने फुगतं म्हणतात. मी कौतुकाने फुगायची.

मग मालकांच्या गुडघ्याने दगा दिला. आता शिडी चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी दाराआड गेले आणि मालक खिडकीशी बसून राहू लागले. दिवसदिवस ते बोलत नसत आणि बोललेच, तर चहा गार झाल्याबद्दल. त्यांची बायको, म्हणजे काकू, घरीच शिवणकाम करायच्या. येणारं-जाणारं गिऱ्हाईक मला अडखळायचं. शेवटी काकूंनी मला भंगारात द्यायचं ठरवलं. मालक हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

वाचवलं ते त्यांच्या लेकीने. ती दवाखान्यात नर्स आहे. एका सुट्टीच्या दिवशी तिने मला पुसून खिडकीजवळ उघडून ठेवलं आणि मैत्रिणीकडून मनीप्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट अशी रोपं आणली. ही झाडं नखरे करत नाहीत, थोड्या उजेडावरही भागवून घेतात, असं तिने वडिलांना समजावलं. मालकांनी रंगाचे रिकामे डबे घासूनपुसून तळाला खिळ्याने भोकं पाडली. किती दिवसांनी त्यांच्या हातात हातोडी दिसली! माझी प्रत्येक पायरी डब्यांनी भरून गेली.

पण उत्साह नडला. मालक सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी ओतू लागले. स्नेक प्लांटची पानं आधी मऊ पडली, मग आडवीच झाली. मालक डबा उचलून कचऱ्यात टाकायला निघाले.

"माझ्या हाताला आता यशच नाही," ते म्हणाले.

लेकीने डबा काढून घेतला. "बाबा, भिंतीला रंगाचा पहिला हात दिल्यावर तो वाळायच्या आधी दुसरा देता का तुम्ही?"

"छे. सगळे पोपडे येतील."

"मग मातीलाही वाळू द्या. बोट खुपसून बघा. आत कोरडं लागलं तरच पाणी."

मालकांनी सडका भाग कापून टाकला. एक ताठ पान वाचलं होतं, ते थोडं सुकवून नव्या मातीत खोचलं. मग सुरू झालं वाट बघणं. मालक बोट खुपसायचे, मान हलवायचे आणि तांब्या तसाच खाली ठेवायचे. "मला ताप आला तेव्हा इतक्यांदा कुणी हात लावून बघितलं नव्हतं," असं काकू शिलाई यंत्रावरून ऐकवायच्या.

आणि एका सकाळी पानाच्या बुडाशी मातीतून हिरवं टोक वर आलं. मालकांनी काकूंना यंत्र थांबवायला लावलं. दोघंही माझ्यासमोर वाकून बघत राहिले. मालकांचा गुडघा दुखत असणार, पण ते उठायला तयार नव्हते.

आता स्पायडर प्लांटची पिल्लं छोट्या डब्यांतून शेजारीपाजारी जातात. पाणी कधी घालायचं, असं कुणी विचारलं की मालकांची गाडी थांबत नाही. परवा एक गिऱ्हाईक शिवलेले कपडे इथेच विसरून रोप तेवढं घेऊन गेलं. काकू रागावल्या, पण हसत हसत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी कोपऱ्यात पडलं असेल. एखादी वस्तू असेल, नाहीतर एखादं माणूस. त्यांना आधी खिडकीपाशी आणा, हातात काहीतरी काम द्या आणि घाई न करता रोज जरा विचारपूस करा. एवढं माझ्यासाठी कराल ना?