बद्द वाजलेलं चाक

पाती-पाजळू मंडळ नावाच्या त्या इंटरनेटवरच्या गटात नवख्याचं स्वागत फटक्यांनीच होई. सुऱ्या, कात्र्या, विळे यांना हौसेनं धार लावणारे हजारो लोक तिथे जमलेले, आणि एकेकाच्या जिभेला हत्याराहून जास्त धार. पण सगळ्यांचा बाप म्हणजे कानस. कारखान्यातला निवृत्त टर्नर, गटाचा ॲडमिन. खरं नाव त्याची बायकोसुद्धा आठवून सांगे. त्याचं एक उत्तर वाचून एका नवशिक्याच्या हातातला फोन तडकला, आणि दुसऱ्या एकानं सुऱ्या फेकून विणकाम धरलं, असं लोक शपथेवर सांगत. त्यातलं विणकामाचं तरी खरं होतं.

एका दुपारी गटात 'बोथट कात्री' असं नवीन नाव उगवलं.

"नमस्कार मंडळी. मी इथे नवीन आहे. जुन्या मोटरवर बसवायला भंगारातून सहाणेचं चाक आणलंय. माझी कात्री हल्ली कापड कापत नाही, चावते. चाक चांगलं आहे की नाही ते कसं ओळखायचं?"

कानस नुकताच जेवून आडवा झाला होता. पोट भरलं की त्याला कुणाला तरी सोलावंसं वाटे.

"त्यालाच विचार," त्यानं ठोकून दिलं.

आता, हे उत्तर खोटं होतं असं कुणी म्हणू नये. कारखान्यात तसंच म्हणत. चाक बोटावर टांगायचं, एखाद्या हत्याराच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं. खणकन वाजलं तर धडधाकट, बद्द वाजलं तर आत चीर. चिरलेलं चाक मोटरवर चढवून फिरवलं की फुटतं, आणि फुटलं की समोर भिंत आहे की माणूस, हे बघत नाही. चाकाला विचारणं म्हणजे एवढंच. हे लिहायला एका जांभईइतका वेळ लागला असता. कानसानं जांभई दिली.

मग बाकीचे तुटून पडले.

"लाजतंय का चाक? बुरखा काढ म्हणावं."

"कात्री चावते? मग तिला हाड टाक."

"याला आधी काठीला टोक करायला शिकवा रे कुणीतरी."

"मला खरंच कळलं नाही," बोथट कात्रीनं लिहिलं. "जरा नीट सांगाल का?"

कानस उठून बसला. असल्या चेंडूला षटकार मारायचाच, अशी त्याला सवय होती. "परत हा प्रश्न विचारलास तर घरी येऊन दोन्ही हात तोडीन. जगातल्या तमाम कात्र्या दुवा देतील."

त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांचा सडा पडला. कानस तो मिटक्या मारत बघत राहिला.

"ठीक आहे. विचारून बघते," असं उत्तर आलं. मग तिनं सगळ्यांची तोंडं बंद केली, म्हणजे आपल्याला कुणी काही लिहूच शकणार नाही अशी सोय केली, आणि गटात लाइव्ह व्हिडिओ लावून दिला.

बघते? म्हणजे बाई आहे होय, असं म्हणत कानसानं फोन डोळ्यांजवळ धरला. टेबल दिसलं, मोटर दिसली, दोन हात दिसले. हातांनी चाक उचललं, तेवढ्यात कात्रीची मूठ त्याला लागली.

बद्द.

फुटक्या मडक्यासारखा आवाज. कानस ताडकन उभा राहिला. असंच वाजलेलं एक चाक कारखान्यात त्याच्या शेजारच्या यंत्रावर फुटलं होतं. शेजाऱ्याचा जबडा नंतर छपराच्या पत्र्यात रुतलेला सापडला, दातांसकट.

"त्यालाच विचार म्हणाले," व्हिडिओतली बाई मोटरवर चाक बसवत स्वतःशीच बोलत होती, "म्हणजे चालवून बघायचं असणार. खराब असलं तर सांगेलच की."

"थांब!" कानसानं लिहिलं. गेलं नाही. पुन्हा लिहिलं. तेही गेलं नाही. हजारो जणांच्या गटात त्या बाईपर्यंत पोचेल असं एक तोंड उरलं नव्हतं, आणि ती सगळी तोंडं त्यानंच आपल्या हातानं पढवली होती.

एवढ्यात बाई पान्हा घ्यायला बाजूला झाली आणि मागची खुंटी दिसली. खुंटीवर त्याची स्वतःची तपकिरी पँट लटकत होती. ही तर मागच्या गल्लीतली शिवणवाली. याच पँटची खालची शिवण त्यानं उंचीपायी तीनदा उसवायला लावली होती, आणि तिन्ही वेळा ती "होतं असं काका, परत करू या" एवढंच म्हणाली होती.

कानस बनियनवरच सुटला. त्या धावण्यात एक सायकलवाला, एक फळांची गाडी आणि एक कुत्रा आडवे झाले. सायकलवाल्यानं शिव्या घातल्या. कुत्र्यानं ती गल्लीच सोडली.

दुकानाचं दार त्यानं खांद्यानं उघडलं ते बिजागरीसकट आत पडलं. बाईनं नुकतंच बटण दाबलं होतं. चाक गुरगुरायला लागलं होतं.

"कोण?" ती दचकून म्हणाली.

"मी कानस," तो धापा टाकत म्हणाला.

यापेक्षा वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं. पँटवाल्या काकांच्या तोंडून ते नाव ऐकून बाईनं आधी दाराकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, आणि लोखंडी टोकाची मोजपट्टी उचलून त्याच्या कानशिलावर हाणली.

"हात तोडायला आलास? ये. ये तोडायला."

"बंद कर ते, मूर्ख बाई," कानस ओरडला. त्याच्या तोंडातून दुसरं काही निघेचना. दुसरा फटका नाकावर बसला. नाकाचं हाड कडकन मोडलं, बनियन लाल झालं. तो बटणाकडे झेपावला. तिला वाटलं आपल्याकडेच. तिनं गरम इस्त्री त्याच्या छातीवर टेकवली. चर्रकन आवाज झाला आणि कातडं इस्त्रीबरोबर निघून आलं. तो किंचाळून मागे पडला तो भिंतीला टेकलेल्या कपड्यांच्या पुतळ्यावर, आणि उभ्या पुतळ्याची मान मोडली.

"अगं अक्कलशून्य, मरशील," तो म्हणाला. प्रत्येक शिवीला ती एक पाऊल मागे सरकत होती, आणि मागे ते चाक होतं. गुरगुर आता शिट्टीत बदलली होती. त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं बोथट कात्री त्याच्या मांडीत खुपसली. कापड चावणाऱ्या कात्रीनं मांस कसं चावलं असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

मनगट सुटलं आणि कानस गुडघ्यावर आला. बाईची पाठ आणि चाक यांत आता हातभर अंतर. आणखी एक शिवी, की ती आणखी एक पाऊल मागे. त्यानं तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर 'गधडे' तयारच होतं. ते त्यानं रक्ताबरोबर गिळलं. गिळताना इस्त्रीहून जास्त भाजलं असावं, असा त्याचा चेहरा झाला.

"ताई," तो म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही. प्रश्न बरोबर होता. मी अर्धंच सांगितलं. चाक चिरलंय, फुटेल. तुम्ही कृपा करून इकडे, माझ्याजवळ या. हवं तर नंतर मारा."

त्या तोंडाला 'कृपा करून' इतकं शोभत नव्हतं, की ते खरंच असणार असं तिला वाटलं. ती मोजपट्टी उगारूनच दोन पावलं पुढे आली. तिला टेबलाखाली दाबत कानसानं बटणाकडे डावा हात लांबवला.

चाक फुटलं. एक तुकडा बाई उभी होती त्या जागेवरून छातीच्या उंचीनं गेला, पुतळ्याचं उरलेलं धड उभं चिरून भिंतीत शिरला, पलीकडच्या बिऱ्हाडातल्या कपाटातून आरपार झाला आणि तिथे झोपलेल्या आजोबांच्या उशाशी बसला. आजोबा कूस बदलून म्हणाले, "दार लोटून घ्या." दुसऱ्या तुकड्यानं कानसाची दोन बोटं नेली. एक शिवणयंत्राखाली सापडलं. दुसऱ्याचा पत्ता लागला नाही, आणि त्याबद्दल गल्लीत परतलेल्या कुत्र्यावर संशय होता.

बाईनं अस्तराचं कापड फाडून त्याचा हात करकचून बांधला. दवाखान्याची गाडी यायची होती. दोघं टेबलाखालीच बसून राहिले. त्याच्या मांडीतली कात्री तिनं काढली नाही. काढली तर रक्त जास्त जाईल, एवढं तिला माहीत होतं.

"फार लागलं का हो काका?"

"नाही," कानस म्हणाला. दात वाजत होते.

बाईनं चाकाची एक फुटकी फाक ओढून घेतली, फिरवून पाहिली.

"एक विचारू? बावळटासारखं वाटेल तुम्हाला."

"विचारा ना."

"दुसरं चाक आणलं, तर ते आधी कसं बघायचं?"

कानसाला डोळ्यांपुढे काजवे दिसत होते. पण तो टेबलाच्या पायाला टेकून नीट बसला, धड हाताचं बोट तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "हे बघा ताई, पहिल्यापासून सांगतो. भोकातून बोट घालून चाक टांगायचं, असं. मोकळं सोडायचं, टेबलाला लागू द्यायचं नाही."

"का नाही लागू द्यायचं?"

"चांगलं विचारलंत," कानस म्हणाला, आणि त्याला ते सांगायला लागला.

गाडीवाले आले तेव्हा त्यांनी त्याला दोनदा गप्प बसायला सांगितलं.