जेवणाची सुट्टी

वर्नाच्या पायांना सावकाश चालणं ठाऊकच नव्हतं. टेकडीवरच्या त्या गावात ती कित्येक वर्षं टपाल वाटत होती, पण दुपारी जेवायला मिळणारी अर्ध्या तासाची सुट्टी तिने कधी घेतली नव्हती. चारच्या सुमाराला वृद्धांच्या केंद्राची बस तिच्या आईला दारात सोडायची. आईचं डोकं आताशा ठिकाणावर नसायचं. घरात कोणी दिसलं नाही, तर ती बर्फातून वाट फुटेल तिकडे चालू लागायची. म्हणून वर्ना धावायची.

"या धावण्यापायीच मरशील तू," म्हातारा डेल्बर्ट म्हणाला. तोही टपाल वाटायचा आणि युनियनचं बघायचा. "उद्या साहेब काम मोजायला घड्याळ घेऊन तुझ्याबरोबर फिरणार. तू धावलीस, की म्हणतील, बाईला काम कमी पडतंय. मेपल स्ट्रीटचं टपालही तुझ्या गळ्यात मारतील. मग रोज ओव्हरटाइम."

"मी नको म्हणेन."

"म्हण की! नको म्हणणारेही इथे अंधार पडेपर्यंत राबतायत. माणसं आहेत कुठे? मग आईला दार कोण उघडणार? उद्या एक दिवस माणसासारखी चाल, बाई. आणि जेव."

वर्नाने शेजारच्या ओडेगार्डबाईंना दुसऱ्या दिवशी आईला बसवरून त्यांच्या घरी न्यायला सांगितलं.

तपासणीला आलेला प्रेस्कॉट तरुण होता, बोलायला गोड. "ऑफिसात सगळ्यांत चपळ तुम्हीच म्हणे," तो म्हणाला. वर्ना मनातून सुखावली आणि पाय आपोआप पळू लागले. कौतुक हा साहेबलोकांचा सगळ्यांत स्वस्त चाबूक. दोन घरं झाल्यावर ती भानावर आली. मग मात्र तिने नेहमीसारखं लोकांची अंगणं तुडवत आडवं जायचं सोडलं. प्रत्येक घराला वाटेने गेली, निसरड्या पायऱ्या कठडा धरून चढली आणि तशीच उतरली. मधूनच चार वाजायची आठवण येऊन ती घड्याळाकडे बघायची.

दुपारी गाडीत बसून प्रेस्कॉटने आपला डबा उघडला. वर्ना तशीच बसून राहिली. सकाळपासून तिने सगळा विचार केला होता, फक्त जेवण आणायचं राहिलं होतं. सवयच कुठे होती?

"तुम्ही जेवत नाही?" त्याने विचारलं. "मग सुट्टी घेतली नाही असंच लिहावं लागेल मला."

काहीतरी हाताला लागेल म्हणून तिने मागचे ट्रे चाचपले. पार्सलांच्या मागे कागदी पिशवी होती. आत हॅमचं सँडविच आणि लोणच्याची काकडी. सकाळी डेल्बर्ट तिच्या गाडीभोवती उगाच घुटमळत होता, ते आता तिच्या लक्षात आलं. म्हातारा तिला पुरता ओळखून होता.

ती जेवली. पहिले काही घास तिने गपागप गिळले. मग हळूहळू चावून खाऊ लागली, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. इतकी वर्षं आपण फुकट पळालो, आणि वर त्याचाच अभिमान बाळगला!

ऑफिसात परतायला उशीर झाला. प्रेस्कॉट घड्याळाकडे बघत राहिला. "तुमच्या फेरीत नवा रस्ता घालायचा कसला, आहे त्यातलाच एखादा काढायला हवा. रोज कसं जमवायचात तुम्ही?"

"जमवत होते," वर्ना म्हणाली. "आता नाही जमवणार."

ती ओडेगार्डबाईंकडे पोचली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. आई खिडकीशी पांघरूण घेऊन बसली होती. तिने वर्नाचा गणवेश पाहिला, चेहरा काही तिला ओळखू आला नाही.

"टपालवाली आलीय," ती ओडेगार्डबाईंना म्हणाली. "बिचारी सदा धावतच असते." मग वर्नाकडे वळून तिने विचारलं, "जेवलीस का गं?"

वर्ना तिच्या पायाशी बसली. तिला रडू आवरेना.

"हो," ती म्हणाली, "आज जेवले."