हॉल घुमतोय

काचेपलीकडे भावोजींनी टाळी वाजवली, डोळे मिटले, मान तिरकी केली. मग दार ढकलून बाहेर आले आणि त्यांनी जाहीर केलं, "हॉल घुमतोय."

हा चौथा स्टुडिओ. चार आठवडे, चार स्टुडिओ आणि प्रत्येक ठिकाणी ही टाळी. भावोजी पेशाने सुतार आणि आमच्या बँडचे ड्रमर. फळीवर बोट वाजवून ती आतून पोकळ आहे की भरीव ते सांगतात, म्हणून जगातल्या सगळ्याच भिंती आपल्याशी बोलतात असं त्यांना वाटतं. माझं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून मी रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याचे डोळे तपासत फिरते का?

बँड म्हणजे आम्ही चौघं. गाणारी माझी ताई, ड्रमवर तिचा नवरा म्हणजे हेच भावोजी, बेस गिटारवर मी आणि कीबोर्डवर मास्तर, जे शाळेत गणित शिकवतात आणि कुठल्याच भांडणात पडत नाहीत. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी भावोजींच्या कारखान्यात, लाकडाच्या भुशात शिंकत, आम्ही वाजवतोय. आठ गाणी आमची स्वतःची. त्यांचा अल्बम करायचा हे वर्षानुवर्षं भिजत पडलेलं घोंगडं. ते बाहेर निघालं ताईच्या गळ्यातल्या गाठीमुळे.

गाठ काढावीच लागणार होती. डॉक्टर म्हणाले, बहुधा काही होणार नाही, पण आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा आवाज आहे तसा राहील असा शब्द मी देणार नाही. ताईने तिथल्या तिथे अट घातली, "आधी अल्बम, मग ऑपरेशन." डॉक्टरांनी सहा आठवडे दिले आणि त्यापुढे एक दिवसही लांबवू नका म्हणून बजावलं. त्यातले चार आम्ही टाळ्या वाजवण्यात घालवले.

पहिल्या स्टुडिओच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते आणि आत ओल्या टॉवेलचा वास होता. तो मीही नाकारला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या डोक्यावर व्यायामशाळा. दर दोन मिनिटांनी वर कोणीतरी वजन आपटायचं आणि मालक म्हणायचा, "ड्रममध्ये मिसळून जाईल हो." तिसरा मात्र चांगला होता, परवडणारा होता, घराजवळ होता. तिथेही टाळी, तिथेही "घुमतोय". घरी येईपर्यंत मी भांडत होते. ताई म्हणाली, "जाऊ दे गं, ह्यांना कळतं त्यातलं."

आणि आता हा. एका छापखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना पडदे, भाडं बाकीच्यांच्या निम्मं. चालवणाऱ्या रेकॉर्डिस्टबाई साठीच्या, पायात लोकरीचे मोजे. आम्हालाही बूट-चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. ताई आणि भावोजी हॉल बघायला आत गेले तेव्हा मी आणि मास्तर बाईंजवळ रेकॉर्डिंगच्या मशिनपाशी थांबलो होतो. मला ती जागा बघताक्षणी आवडली होती.

त्यामुळे इथेही "घुमतोय" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भावोजी, तुम्हाला नक्की हवंय तरी काय? कपाटात बसून वाजवायचंय का? दोन आठवडे राहिलेत, दोन!"

"मला ऐकू आलं ते सांगितलं," ते आपल्या मोज्यांकडे बघत म्हणाले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मास्तर चष्मा पुसायला लागले. तो चष्मा मी परवाच करून दिलाय, त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

पण रेकॉर्डिस्टबाई माझ्याहून जास्त चिडल्या होत्या. "तीस वर्षं झाली मला ह्या खोलीत. घुमते म्हणणारे तुम्हीच पहिले. थांबा जरा." त्या मशिनकडे वळल्या. "माणसं आत शिरली की मी रेकॉर्डिंग चालूच करून ठेवते. कळायच्या आधी लोक जेवढं मोकळं गातात तेवढं नंतर गात नाहीत. ऐका आता तुमची टाळी."

टाळी वाजली. कोरडी, नेमकी. तिच्यामागे काही म्हणजे काही नाही.

"कुठे घुमतंय, सांगा?" बाईंनी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात स्पीकरमधून ताईचा आवाज आला. अगदी हळू, तरी कानाशी बोलल्यासारखा स्पष्ट.

"अहो, सांगा ना घुमतोय म्हणून. मागच्या वेळसारखं."

मग भावोजींचा. "असं किती दिवस चालायचं?"

"फक्त ह्या वेळी. माझी शपथ आहे तुम्हाला."

बाईंनी बटण दाबलं. ताई दारात उभी होती, एक हात गळ्यावर.

"ताई, तू?" महिनाभर मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले होते.

"अल्बम झाला की मला कारण उरत नाही गं," ती म्हणाली. "स्टुडिओ मिळत नाही तोवर मी गाणारी आहे. पुढचं मला माहीत नाही."

"आणि गाठ? ती थांबणार आहे का तुझ्यासाठी?" मी ओरडले. तिला गदागदा हलवावं इतका राग आला होता, आणि हिचा आवाज गेला तर काय, ही भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम.

"मी नको म्हणत होतो," भावोजी म्हणाले. "पण खरं सांगू, घाई मलाही नव्हती."



ताई मशिनजवळ आली. "ते परत लावता?"

बाईंनी लावलं. ताईने मान तिरकी करून स्वतःची कुजबुज ऐकली. "आवाज सर्दी झाल्यासारखा येतोय."

"असाच आहे तो," बाई म्हणाल्या. "चांगला आहे."

ताई माझ्याकडे वळली. मग तिने माझ्यापुढे हात केला. "फोन दे." दवाखान्याचा नंबर तिने स्वतः लावला आणि तारीख स्वतः मागितली. "एकवीस? चालेल." फोन परत देता देता तिने बाईंना विचारलं, "मंगळवारपासून खोली मोकळी आहे?"

"आहे."

भावोजींचे हात जरा वर झाले.

"टाळी वाजवाल तर बघा," मी म्हणाले.

ते हसले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पण भिंतीवर बोट काही वाजवलं नाही.

सगळे बाहेर चपला घालत होते. मी आगाऊ रक्कम द्यायला मागे थांबले. बाईंनी पैसे घेतले आणि मशिनकडे वळल्या. "हे आजचं पुसून टाकते."

"नको, ठेवा."

"अहो, नुसती टाळी आहे ती."

"टाळीनंतर ताई बोलते," मी म्हणाले.