रिकामा कंटेनर

बंदरात कंटेनर भरून येतात आणि रिकामे परत जातात, कारण आपल्याकडे बाहेर पाठवण्यासारखं फारसं काही नसतं. देशाची व्यापारी तूट उजेडरावांना कळली होती ती एवढीच. उजेडराव हे त्यांना कामावरून पडलेलं नाव. परत जाणाऱ्या कंटेनरमध्ये ते शिरत, मेहुणा बाहेरून दार लावी, आणि आतल्या मिट्ट काळोखात कुठून उजेड येतो का ते बघत. आला, तर पत्र्याला भोक आहे. नाही आला, तर कंटेनर ठीक. मग दारावर थाप मारायची की मेहुणा दार उघडत असे.

त्या दिवशी थाप मारली आणि दार उघडलंच नाही.

मेहुण्याला वाद घालायची भारी हौस. कॅन्टीनच्या टीव्हीवर तूट आणखी वाढल्याची बातमी लागली होती आणि आयात थांबवावी की निर्यात वाढवावी, यावर हा पठ्ठ्या तावातावाने भांडत बसला होता. इकडे उजेडराव दार समजून भिंत बडवत होते की भिंत समजून दार, हे त्यांचं त्यांनाच कळेना. मग पायाखालचं हललं. क्रेनने कंटेनर उचलला होता! वर चाललोय की बाजूला, जहाजाकडे की गोदामाकडे, काहीच उमगेना. ते घसा फुटेस्तोवर ओरडले. पण रिकाम्या कंटेनरकडे कान कोण देणार? एकदा जहाजावर थप्पीत गेलो की दार उघडणार थेट परक्या बंदरात, आणि तेव्हा आत काय निघेल, या विचाराने त्यांना रडू फुटलं. सकाळी बायकोला उगाच टाकून बोललो, तेही मधेच आठवलं.

अखेर कंटेनर धपकन टेकला आणि दार उघडलं. समोर पांढराफटक पडलेला मेहुणा. "भाऊजी, चुकलो हो! बोलण्याच्या नादात डोक्यातूनच गेलं. आठवलं तसा धावत येऊन क्रेन खाली घ्यायला लावली."

नोंदी करणारा कारकून शेजारीच उभा होता. उजेडरावांनी त्यालाच विचारलं, "मला घेऊन हा गेला असता, तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

"रिकामा. लिहूनही झालं होतं."

"अहो, पण मी होतो ना आत!"

"काका, बाहेर जाणारा होता तो," कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्यात काय असणार?"